खुंटीला टांगलेली काळजी

टायपिंग शिकवणाऱ्या बाईकडे दिवाळी अंकात लिहिण्यासारखं काय असणार, असं माझ्या धाकट्या दिरांचं मत आहे आणि चहा पिता पिता त्यांनी ते मला दोनदा ऐकवलं. त्यांचंही खोटं नाही. डॉक्टरांकडे रोगी असतात, वकिलांकडे भानगडी असतात, शाळामास्तरांकडे निदान व्रात्य पोरं तरी असतात. माझ्याकडे काय, तर ओळीनं मांडलेली मशीनं आणि त्यांच्यापुढे पाठ ताठ करून बसलेली माणसं. पैठण गेटजवळ एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास होता. खाली साड्या, वर खडखडाट. साड्या घ्यायला आलेल्या बायका वर बघून विचारायच्या, गिरणी आहे का हो वर?

पण खरं सांगू का, इतकी वर्षं मी ज्याच्याशी झगडले ते टायपिंग नव्हतंच. टायपिंग सोपं आहे. दहा बोटं असलेल्या कुठल्याही माणसाला ते येतं. झगडा होता तो दुसऱ्याच गोष्टीशी. आपलं डोकं कसं आहे, याबद्दल प्रत्येक जण घरून एक पक्कं मत घेऊन येतो, आणि बोटांच्या आधी ते मतच मशीनवर येऊन बसतं. त्याला उठवण्यात माझी निम्मी जिंदगी गेली.

ज्यांनी टाइपरायटर पाहिलेलाच नाही अशा मंडळींसाठी थोडं सांगते. बटण दाबलं की आतून एक लोखंडी काडी उठते, तिच्या टोकाचं अक्षर शाईच्या रिबनवर आपटतं आणि कागदावर उमटतं. चुकलं तर चुकलं, पुसायची सोय नाही. मराठी मशीनची आणखी एक गंमत, उकार, मात्रा अशा काही बटणांना कागद जागचा हलत नाही, बाकीच्यांना सरकतो. ओळ संपत आली की बारीक घंटी वाजते. शिकायचं ते एवढंच, की नजर उताऱ्यावर ठेवायची आणि बटणांकडे बघायचं नाही. बोटं आपली जागा आपण शोधतात. ज्याला हे पटलं तो महिन्या-दोन महिन्यांत लागला मार्गाला. ज्याला पटलं नाही तो वर्षभर एक बोट उचलून बटणं हुडकत बसतो.

मला हे पटवलं ते आमच्या वहीदसाहेबांनी. क्लास मूळचा त्यांचा. निजामाच्या अमलात ते एका दफ्तरात उर्दू टायपिस्ट होते. पोलिस ॲक्शन झाली, राज्य बदललं, दफ्तरातून उर्दू हळूहळू उठली आणि पुढे मराठी मशीनं आली. उर्दू मशीनवर कागद उलट्या अंगानं सरकतो. म्हणजे साहेबांना नवीन अक्षरंच नव्हे, हाताची दिशासुद्धा नवी शिकायची होती, आणि तीही चाळिशी उलटल्यावर, निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून. ते ती शिकले, नोकरी पुरी केली आणि निवृत्त झाल्यावर हा क्लास काढला.

मॅट्रिकनंतर वडिलांनी मला त्यांच्याकडे आणून सोडलं ते, "हिला कॉलेज झेपायचं नाही, जरा मंद आहे," असं सांगूनच. मीही मान खाली घालून उभी. साहेबांनी विचारलं, "बेटी, तू मंद है, कौन बोला?" मी म्हटलं, सगळेच म्हणतात. ते म्हणाले, "सबके पास तेरा दिमाग हैच क्या?" मग स्वतःची उर्दू-मराठीची कहाणी सांगितली आणि शेवटी म्हणाले, "मेरा दिमाग भी बोल्या था, नईं होता. मैं बोल्या, तेरेकू पूछ्या कौन?"

मी आयुष्यात बरीच व्याख्यानं ऐकली. कामाला आलं ते एवढंच.

साहेबांची शिकवण्याची एक रीत होती. बटणांकडे बघू नको, असं ते कधीच म्हणत नसत. नको म्हटलं की माणूस हमखास बघतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचे पडदे शिवून घेतले होते. पडद्याचं एक टोक मशीनच्या माथ्याला बांधायचं, दुसऱ्या टोकाच्या नाड्या शिकणाऱ्याच्या गळ्यात. हात पडद्याखाली. मग बघायचंय ना, बघ खुशाल, दिसतंय काय? पहिले काही दिवस माणूस चाचपडतो, चिडतो, आणि एके दिवशी त्याच्या ध्यानात येतं की हात आपल्या पत्त्यावर आपण जायला लागले. साहेब गेल्यावर क्लास माझ्याकडे आला तेव्हा मशीनं जुनी झाली होती, पडदे मात्र मी तसेच चालू ठेवले.

मतांचे नमुने किती सांगावेत. एक पाटलांचा मुलगा यायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, आपल्या टकुऱ्यात काय बी ऱ्हात नाय. आधीच सांगून ठिवतो." फी भरतानाच असा दाखला जोडणारा तो पहिलाच. नंतर कळलं की रमीत हा गडी कुणाला हार जात नाही, कोणी कधी कुठलं पान टाकलं ते शेवटपर्यंत याच्या ध्यानात. मी विचारलं, "ते कुठं राहतं रे मग?" तर म्हणतो, "ते येगळं बाई, त्याला डोकं थोडंच लागतं?" पुढे काही पोरं अशी, की तोच तोच उतारा गिरवून गिरवून पाठ करायची आणि स्पीड आलं म्हणून पेढे मागायची. उतारा बदलला की गाडी रुळावरून घसरली. सोपं वाटणं आणि येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पटवायला मला नेहमीच वाईटपणा घ्यावा लागला. आणि एक मुलगी, शाळेत कायम पहिली आलेली. पहिल्या आठवड्यात बोटं अडखळली आणि ती यायचीच बंद झाली. ज्याला कष्ट पडतात तो हुशार नाही, अशी तिची समजूत होती आणि ती समजूत तिनं सांभाळली, टायपिंग सोडलं. तिची मला अजून रुखरुख वाटते.

हे सगळं झालं शिकण्यापुरतं. पण असं एखादं मत माणसाचं खाणंपिणं, झोप, सगळंच ताब्यात घेतं, हे मी पाहिलं ते नंदाच्या वेळी.

नंदा संध्याकाळी सहाच्या बॅचला यायला लागली तेव्हा पंचविशी-तिशीतली असेल. माहेर वैजापूरकडचं, वडील मेंढपाळ. नवरा इथं एका सरकारी ऑफिसात ड्रायव्हर होता, तो अपघातात गेला आणि त्याच्या जागी अनुकंपा म्हणून तिला लिपिकाची नोकरी मिळाली. मिळाली ती एका अटीवर. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाही तर नोकरी गेली. दुसऱ्या एका क्लासमधून ती दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा नापास झाली होती. मुदतीत आता एकच परीक्षा उरली होती. मुकुंदवाडीला भाड्याची खोली, पदरात मनीषा नावाची एक मुलगी, दुसरी-तिसरीतली. तिला मनी म्हणत. आई क्लासला आली की मनी शेजारणीकडे असे.

तिला टाइप करताना पाहिलं आणि दोनदा नापास का झाली ते मला समजलं. ती आधी उताऱ्याकडे बघायची, मग बटणाकडे, मग उमटलेल्या अक्षराकडे, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. एकेका अक्षराला चार ठिकाणी नजर. पडदा लावला तर घामाघूम झाली. नाड्या सोडून टाकल्या आणि म्हणाली, "बाई, छातीत लई धडधडतंय. डोक्यात नुसती गर्दी झालीय."

मी तिला बाहेर गच्चीत नेऊन पाणी दिलं. म्हटलं, "कसली गर्दी गं?"

"मनीची. जिन्यावरून पडंल, रस्त्यावर जाईल, कुणाच्या स्टोला हात लावंल. एकामागं एक. डाक्टरनं गोळ्या दिल्या अन् म्हणले, इचार करू नका."

"मग?"

"मग काय. ते म्हणले की आणखी येतात."

मी म्हटलं, "अगं, इथं असेपर्यंत एक तास तरी थांबव की त्यांना."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले. "थांबवून कसं चालंल, बाई? मग राखण कोण करायची?"

ती मग सावकाश सांगायला लागली. मेंढरं रानात बसवली की सगळे झोपतात, पण एकानं जागं राहायचं असतं. तिच्या आबांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं, राखणदाराचा डोळा लागला की लांडगा आलाच म्हणून समज. लग्नानंतरही ती नवऱ्याची अशीच राखण करायची. गाडी घेऊन गेला की परत येईपर्यंत मनात त्याच्यामागं फिरायची. "अन् ज्या दिवशी हे गेले ना बाई, त्या दिवशी मी भणीच्या हळदीला व्हते. गाणी म्हणली, हासले. दिवसभरात एकदा बी त्यांची आठवण आली नाय. एकदा बी. अन् तिकडं तसं झालं."

हे सांगताना ती रडली नाही. उंबऱ्यात पाय ठेचकाळला हे सांगावं इतक्या सरळपणे तिनं ते सांगितलं. तोवर मला वाटत होतं की ही बाई काळजीनं बेजार आहे आणि तिला ती नकोशी झाली आहे. खरी गोष्ट उलटी होती. तिला भीती होती ती काळजी थांबण्याची. बटणावरची नजर काढायची म्हणजे पहाऱ्यावरची नजर काढायची. आणि ती काढल्याशिवाय परीक्षा पास होणं शक्य नव्हतं, नोकरी राहणं शक्य नव्हतं. आजच्या दिवसांत मी तिला एखाद्या चांगल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले असते. तेव्हा तिकडची पायरी चढणं म्हणजे वेड लागणं, असंच आपण सगळे धरून चालायचो.

माझ्याजवळ काय होतं, तर साहेबांची रीत. नको म्हणायचं नाही. क्लासच्या दाराशी खुंट्यांची एक लांब फळी होती, तिला मुलं पिशव्या, छत्र्या अडकवायची. मी दुसऱ्या दिवशी नंदाला दारातच अडवलं. म्हटलं, "काळजी कर, अगदी पोटभर कर, पण सात वाजता. आत्ता ती पिशवीबरोबर या खुंटीला टांग. जाताना विसरू नको, घेऊन जा. इथं ती कोणी चोरायचं नाही, प्रत्येकाकडे आपापली आहे."

क्लासला आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. पिशवी टांगली आणि फळीकडे वळून बघत बघत मशीनपाशी गेली.

हे एका दिवसात जमलं असं समजू नका. कधी कधी अर्ध्यातच उठून ती दाराशी जायची. मी विचारायची, "काय गं?" ती म्हणायची, "जरा बघून येते, हाय का." पण दिवस गेले तसं तिचं हे उठणं कमी झालं. पडदा गळ्यात सहन व्हायला लागला. आणि एका संध्याकाळी तिनं घड्याळाकडे, बटणांकडे न बघता एक अख्खा परिच्छेद ओढला. घंटी, ओळ, घंटी, ओळ. दोन्ही हात पडद्याखालून काढले, पान माझ्यापुढे धरलं आणि मग त्या हातांकडेच बघत बसली. "माझीच हायेत ना ही?" म्हणाली. शेजारच्या मशीनवरच्या पोरी हसल्या, तीही मोकळेपणानं हसली. मी तिला खालून भजी मागवून खाऊ घातली. आमच्या क्लासात हा मान सहसा कोणाला मिळत नसे.

दुसऱ्या दिवशी नंदा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला. परीक्षा तोंडावर आलेली. रविवारी क्लास बंद असायचा, मी सिटी बस धरली आणि मुकुंदवाडीला गेले. स्टेशनच्या अलीकडे तिची खोली. दार उघडंच होतं. खाटेवर मनी बसलेली, उजव्या हाताला कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. नंदा खाली भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होती. आठवड्यात ती अर्धी झाली होती.

मला बसा म्हणाली, पाणी दिलं, आणि मग माझ्याकडे न बघता बोलली. "त्या दिवशी मी तुमच्याकडून हासत घरी आले, बाई. बघते तर पोरीचा हात सुजलेला. शेजारच्या काकूंच्या जिन्यावरून पडली. मी तिकडं भजी खाऊ राहिले, अन् ही हितं पडली." मग म्हणाली, "खुंटीला टांगली ना मी काळजी. बघा."

मुलं पडतातच गं, मी म्हटलं. तिनं मान हलवली. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, ही शेवटची, म्हटलं. ती म्हणाली, "नोकरी गेली तर गेली. आबाकडं जाईन, मेंढरामागं फिरीन. पोर डोळ्यांपुढं तरी ऱ्हाईल." शाळा? "नको शाळा." हे ती रागानं बोलत नव्हती. तिचं ठरलेलं होतं.

मला उठवेना. मी मनीकडे वळले. "दुखतंय का गं अजून? कुठल्या पायरीवरून पडलीस?"

मनीनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरगी चुणचुणीत होती आणि आठवडाभर मनात काहीतरी दाबून बसलेली असावी. हळूच म्हणाली, "पायरीवरून नाय. शाळंत. पाण्याच्या टाकीवरून उडी मारली मी."

नंदा ताठ झाली. "शाळंत? तू तर जिन्यावर म्हणलीस."

"संध्याकाळी काकूंनी हात बघितला, मंग मी जिना म्हणले."

"शाळंत कवा?"

"मोठ्या सुटीत."

"दुपारी? अन् दुपारपासून दुखत व्हतं?"

मनीनं मान डोलावली. नंदाचा आवाज चिरकला. "मग मला का नाय सांगितलं? ऑफिसात निरोप का नाय धाडला?"

मनी जरा वेळ प्लास्टरवरचा दोरा ओढत राहिली. "तुला सांगितलं की तू जेवत नाय. अन् रातभर माझ्याकडं बघत बसती. मंग मला पण झोप येत नाय. म्हणून मी तुला काय सांगतच नसते."

स्टोवर दूध उतू जायला आलं होतं, ते मीच उठून उतरवलं.

नंदा बोलली ती माझ्याशी नव्हे, आपल्या आपण. "मोठी सुटी म्हणजे दुपारची. आमची बी डबा खायची सुटी तवाच. अन् रोज डबा उघडला की मला हेच येतं, मनी आता खेळत असंल, पडंल कुठं तरी. त्या दिवशी बी आलं. घास तसाच ठेवला व्हता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे राखण चालूच व्हती की, बाई. मी जागीच व्हते. तरी पडली."

इथं बोध करायचा मोह मी आवरला. आयुष्यात जी काही मोजकी शहाणपणाची कामं हातून झाली त्यांत हे एक.

ती उठली, मनीच्या खाटेवर जाऊन बसली, तिच्या केसांतून हात फिरवायला गेली आणि मध्येच थांबली. म्हणाली, "आबा पहाऱ्याला बसायचे ना, ते मेंढराकडं कधी टक लावून बसत नव्हते. मी इचारलं व्हतं एकदा. म्हणले, एकसारखं बघत बसलं की मेंढरू बुजतं, कळपातून फुटतं. तोंड दुसरीकडं करून बसायचं, कान तेवढा असू द्यायचा." तिनं मनीला जवळ ओढलं. "मी हिला बुजवली, बाई."

मग मात्र ती रडली. नवऱ्याच्या वाटणीचंही तेव्हाच रडली असावी, कारण ते रडणं पुष्कळ वेळ चाललं. मनीनं धड असलेल्या हातानं आईची पाठ थोपटली. जाताना मी दारातून एवढंच म्हटलं, "उद्या सहाला. पिशवी घेऊन ये."

सोमवारी ती आली. काळजी तिची गेली नव्हती, अशी कुठं जाते. पण काळजी ही राखण नव्हे, नुसती काळजी आहे, एवढं तिला कळलं होतं, आणि त्यानं फार फरक पडला. पूर्वी ती काळजीच्या नोकरीत होती. आता काळजी आली तर आली, जरा बस म्हणायची आणि पुढची ओळ ओढायची. मनीशी तिनं एक करार केला. काहीही झालं तरी मनीनं आईला आधी सांगायचं आणि आईनं ऐकून घेऊन आपलं ताट संपवायचं. पोरगी म्हणे ताटाकडे बारीक लक्ष ठेवून असायची.

परीक्षेला त्या वेळी ज्यानं त्यानं आपलं मशीन केंद्रावर न्यायचं असे. क्लासवाले हातगाडी करत, गोधड्यांत गुंडाळून मशीनं रचत, आणि औरंगपुऱ्यातून ती वरात निघे. त्या दिवशी नंदाही गाडीमागून चालली होती. परीक्षेत पडदा चालत नाही. उघड्या बटणांपुढे ती कशी बसेल, हीच मला धास्ती. इतकी माणसं परीक्षेला बसवली, पण त्या दिवशी बाहेरच्या लिंबाखाली मी जशी बसले तशी कधी बसले नाही. आतून एकदम सगळ्या मशीनांचा आवाज सुरू झाला. त्यात आपलं मशीन कुठलं ते ओळखू येत नाही, पण मी कान लावून होते.

ती बाहेर आली. आमच्या धंद्यात एक खूण आहे. कसा गेला पेपर, हे विचारायचं नाही, त्याचं उत्तर प्रत्येक जण आपल्या स्वभावाप्रमाणे देतो. विचारायचं ते वेगळंच. मी विचारलं, "उतारा कशाबद्दल होता गं?"

ती थबकली. आठवायला लागली. "काय की, बाई. शेतीचं काय तरी व्हतं का? नाय सांगता यायचं. हात चालले व्हते."

ज्याला उतारा अक्षर न् अक्षर आठवतो तो अडखळत गेलेला असतो. ज्याच्या डोळ्यांतून अक्षरं थेट बोटांत उतरतात त्याला काही सांगता येत नाही. मी तिथंच तिचा हात धरला. निकाल लागायचा तेव्हा लागला, ती पास झाली, पण माझ्यापुरता तो लिंबाखालीच लागला होता.

पुढे कॉम्प्युटर आले. सहाच्या बॅचला मुलं कमी झाली, मग नाहीशी झाली, आणि एके दिवशी मशीनं भंगारवाल्यानं नेली. घंट्यांचा आवाज करत ती जिना उतरली तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसले. शहराचं नाव बदललं, कापडदुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. माझ्याकडे छत्रीच्या कापडाचा एक पडदा उरला आहे. तो बघितला की वहीदसाहेबांना मनातल्या मनात आदाब करते. त्यांनी मला एक धंदा दिला असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. त्यांनी दिलं ते त्याहून मोठं होतं, आणि ते मला पुरतं कळलं नंदामुळे. म्हणून त्या दोघांचे आभार एकाच दमात मानते. एक माझे गुरू आणि एक माझी विद्यार्थिनी, पण कोणी कोणाला शिकवलं याचा हिशोब मी सोडून दिला आहे.

नंदा आता निवृत्तीला आली आहे. दर दिवाळीला माझ्या घरी येते, दारात खुंटी शोधते आणि नाही म्हणून पिशवी माझ्या मांडीवर ठेवते. मनी पुण्याला नोकरी करते. मध्यंतरी एका दुपारी नंदा अवचित आली. चेहरा लाल, डोळे भरलेले. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"मनीचा फोन आला व्हता मगाशी. गाडी घसरली तिची. हाताला लागलंय, दवाखान्यात नेऊ राहिलेत मैत्रिणी. मी निघालेच हाय, चारची बस हाय. म्हणलं तुमाला सांगून जावं."

"फार लागलंय का गं?"

"नाय, नाय." पदरानं डोळे पुसत ती चक्क हसत होती. "बाई, तोंडातून पहिलं काय निघालं माझ्या, ठाऊक हाय? कवा पडलीस गं, म्हणलं. तर म्हणली, आत्ताच, आई. अजून रस्त्यावरच बसलीय. आधी तुलाच फोन केला."